रक्तातच असतं म्हणे! कवटी, नाक आणि बोटांचे ठसे : एका जुन्या हिशोबाची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. सावकाश वाचा. पण घरात शाळेत जाणारी लेकरं असतील तर पूर्ण वाचा, एवढी विनंती.

"त्यांच्या रक्तातच धंदा आहे." "अमक्या घरात गणित जन्मतःच येतं." "या पोरांच्या डोक्यातच नाही हो, सर तरी काय करतील!" ही वाक्यं आपल्याकडे चहाच्या टपरीवर, सोयरिकीच्या बैठकीत, अगदी शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा ऐकू येतात. बातमीदारीत माझी वीसेक वर्षं गेली. या काळात एवढाच फरक पडला की पूर्वी "रक्तात" म्हणायचे, आता "डीएनएमध्ये" म्हणतात. शब्द नवा, माल जुनाच.

या वाक्यांच्या मागे एक खरा आणि अवघड प्रश्न आहे. माणसाच्या, झाडाच्या, जनावराच्या आत जे जनुक आहेत, त्यावरून बाहेर काय दिसेल हे सांगता येतं का? उंची, रंग, नाक, बुद्धी, स्वभाव? आतून बाहेर जाणारी ही वाट कशी आहे, सरळ की वळणावळणाची? सव्वाशे-दीडशे वर्षं शास्त्रज्ञ तिचा नकाशा काढतायत. त्या नकाशाचा इतिहास मी इथे मांडतोय, कारण नकाशा चुकला तेव्हा ठेच काढणाऱ्याला लागली नाही. लागली ती दुसऱ्यालाच.

सुरुवात इंग्लंडमध्ये. फ्रान्सिस गाल्टन हा चार्ल्स डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा. त्याला मोजण्याचं वेड. १८८६ साली त्याने २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीचा हिशोब मांडला. त्यात दिसलं की फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरी काढली तर आईबापांपेक्षा थोडी कमी. फार बुटक्यांची मुलं बुटकी, पण आईबापांपेक्षा थोडी जास्त. हा शोध पक्का आहे आणि आजही शिकवला जातो. पण याच गाल्टनने १८८३ साली "युजेनिक्स" हा शब्दही बनवला होता. मराठीत सुप्रजननशास्त्र. चांगल्या माणसांची पैदास वाढवा, वाईटांची थांबवा, असा त्याचा रोख. चांगलं कोण आणि वाईट कोण, हे अर्थात ठरवणारा ठरवणार!

दुसरीकडे ब्रनो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले होते. ते १८६६ साली छापूनही आले, पण फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९०० साली ते पुन्हा उजेडात आले आणि भांडण पेटलं. मेंडेलचे वाटाणे एकतर गुळगुळीत नाहीतर सुरकुतलेले, एकतर पिवळे नाहीतर हिरवे. मधलं काही नाही. गाल्टनच्या माणसांची उंची मात्र सलग. पाच फूट एक, पाच फूट दोन, पाच फूट अडीच, सगळ्या मापाची माणसं भेटतात. मग खरं कोण? कार्ल पिअर्सन आणि त्याची मंडळी एका बाजूला, विल्यम बेटसन दुसऱ्या बाजूला. आपल्याकडच्या दोन गटांसारखं वर्षानुवर्षं हे चाललं.

यातून पहिली वाट काढली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेनने, आणि तीही घेवड्याच्या दाण्यांवर. शेतकरी मित्रांना हे लगेच समजेल. घेवड्याला स्वतःच्याच परागाने फळ धरतं, त्यामुळे एका दाण्यापासून पुढे वाढवलेला वाण शुद्ध राहतो. योहानसेनने असे १९ शुद्ध वाण तयार केले. एकाच वाणातले दाणेसुद्धा लहानमोठे निघतातच. त्याने एका वाणातले सगळ्यात जड दाणे वेगळे पेरले, सगळ्यात हलके वेगळे पेरले. पुढच्या पिकात काय निघालं? दोन्हीकडे दाण्याची सरासरी जवळपास सारखी! म्हणजे दाणा जड झाला तो शेंगेत मिळालेल्या जागेमुळे, पाण्यामुळे, उन्हामुळे. बीज तेच होतं. हे त्याने १९०३ साली छापलं आणि १९०९ साली त्यासाठी शब्द दिले. आतला साठा तो जीनोटाइप, बाहेर दिसतं ते फिनोटाइप. "जीन" हा शब्दही त्याचाच. दिसतं त्यावरून आत काय आहे ते सांगता येत नाही, आणि आत आहे ते सगळं दिसेलच असं नाही. सगळा इतिहास या दोन वाक्यांभोवती फिरतो.

मग आला रोनाल्ड फिशर. तेव्हा तो शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. म्हणजे मास्तरच. त्याने १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक निबंध पाठवला. परीक्षकांनी फारसा उत्साह दाखवला नाही, त्याने तो परत घेतला. शेवटी १९१८ साली एडिनबरोच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात या भांडणाचा निकाल होता, आणि निकाल असा की दोघेही बरोबर आहेत.

कसं ते नाण्यांवरून बघा. एक नाणं उडवलं तर दोनच निकाल, छापा नाहीतर काटा. हा मेंडेलचा वाटाणा. आता दहा नाणी एकदम उधळा आणि छापे मोजा. शून्यापासून दहापर्यंत अकरा निकाल शक्य, त्यात चार-पाच-सहा वारंवार येणार, शून्य आणि दहा क्वचित. शंभर नाणी घेतली की पायऱ्या दिसेनाशा होतात, सलग उतार दिसतो. फिशर म्हणाला, उंचीच्या मागे एक जनुक नाही, पुष्कळ आहेत. प्रत्येक जण मेंडेलच्या नियमाने चालतो, पण वाटा थोडाथोडा देतो. सगळ्यांची बेरीज म्हणजे गाल्टनची सलग उंची. उत्क्रांतीचाही गुंता यामुळे सुटला. डार्विनला हवा होता तो सावकाश, कणाकणाने होणारा बदल मेंडेलच्या तुटक जनुकांतूनच घडू शकतो, हे गणिताने दाखवता आलं.

म्हणजे १९१८ साली एवढं तरी स्पष्ट होतं की गुंतागुंतीच्या गुणामागे "एक जनुक, एक गुण" असा बाण काढता येत नाही. पण बाहेर काय चाललं होतं?

अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट नावाचा नामांकित जीवशास्त्रज्ञ घराण्यांच्या वंशावळी गोळा करत होता. १९१९ साली त्याने नौदलाच्या अधिकाऱ्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात समुद्राचं वेड ही आनुवंशिक गोष्ट असल्याचं मांडलं. का? तर एकाच घराण्यात अनेक नाविक निघतात म्हणून. आणि बायकांमध्ये का दिसत नाही? तर तो गुण पुरुषांत उतरणारा असावा म्हणून! बायकांना जहाजावर नोकरी कुणी देत होतं का, हा प्रश्न आपल्या वाड्यावरच्या आजीलाही सुचला असता.

हसू येतं, पण पुढचं ऐका. याच तर्काने "मंदबुद्धी" हा एका जनुकाचा दोष ठरला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुण मुलीची सक्तीने नसबंदी करायला परवानगी दिली. आई मंद, मुलगी मंद, आणि सात महिन्यांची नातही मंद, असा दावा होता. ती नात, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि गुणवंतांच्या यादीत तिचं नाव लागलं. आठव्या वर्षी ती आजाराने गेली. अमेरिकेत अशा सक्तीच्या नसबंद्या ६०,००० च्या वर झाल्या.

आणि फिशर? गणित त्याचं बरोबर होतं, पण तो स्वतः युजेनिक्सचा समर्थक राहिला. म्हणून सांगतो, माणूस हुशार आहे, गणित बरोबर आहे, यावरून त्याने काढलेला समाजाचा निष्कर्षही बरोबर असेल असं समजू नये.

आता या गोष्टीत आपली मराठी बाई येते.

पुण्याच्या इरावती कर्वे आपल्याला "युगान्त"मुळे माहीत आहेत. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या त्या सून. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. नावात फसू नका, हा जर्मन फिशर वेगळा. याने आधी आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, रेहोबोथ गावच्या मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती. डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, चेहऱ्याची ठेवण. त्यावर १९१३ साली पुस्तक लिहून त्याने जाहीर केलं होतं की माणसाचे वांशिक गुण मेंडेलच्या नियमाने उतरतात आणि मिश्रण वाईट असतं. पहिल्या भागातलं थोडंफार मोजलेलं होतं. दुसरा भाग मोजलेला नव्हता, तो मनातला होता.

या फिशरचा एक समज होता. युरोपीय माणूस अधिक बुद्धिमान, म्हणून त्याच्या मेंदूची एक बाजू जास्त वाढलेली, म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असणार. इरावतीबाईंना विषय मिळाला तो हाच. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्या होत्या, बाहेरच्याही होत्या. आणि उत्तर लिहिलं की कवटीची असमानता सगळीकडेच असते, तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. विचार करा. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच समजाविरुद्ध आकडे. पंचविशीची मुलगी आकड्यांच्या बाजूने उभी राहिली. पदवी मिळाली, पण पास होण्यापुरत्या शेऱ्यावर.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९३३ साली, हिटलरच्या सरकारने नसबंदीचा कायदा आणला. त्याखाली सुमारे ४ लाख लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. फिशरची संस्था त्या यंत्रणेला तज्ज्ञांची मतं पुरवत होती. जर्मनीत वाढणाऱ्या मिश्र वंशाच्या शेकडो मुलांची १९३७ साली गुपचूप नसबंदी झाली, त्यातही या संस्थेच्या लोकांचा हात होता. रेहोबोथच्या मोजपट्टीचा शेवट इथे झाला.

इरावतीबाईंना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. परत आल्यावर बर्लिनमध्ये शिकलेलीच मोजपट्टी घेऊन त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची डोकी आणि नाकं मोजली, आणि त्यावर आज अभ्यासक टीकाही करतात. पण त्यातूनही एक गोष्ट त्यांनी दाखवली. १९६८ साली के. सी. मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ ब्राह्मण पोटजाती तपासल्या. एकाच पायरीवर बसवलेले हे गट शारीरिकदृष्ट्या एकसारखे नव्हते. म्हणजे समाजाने दिलेली पायरी आणि शरीर यांचा मेळ लागत नाही.

आपल्याकडे हा मेळ लावायचा उद्योग त्याआधीच झाला होता. हर्बर्ट रिस्ली हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख. त्याने नाकाची रुंदी आणि लांबी यांचं गुणोत्तर काढलं आणि ठोकून दिलं की नाक जितकं रुंद तितकी जात खाली. पुढे गो. स. घुर्ये यांनी त्याचेच आकडे प्रांतवार तपासले, तर बहुतेक ठिकाणी मेळ लागेना. आणि बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांवरच्या पुस्तकात घुर्यांचे हेच तक्ते घेतले आणि वकिलासारखा डाव उलटवला. ही मोजमापं जर शास्त्र असतील, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग अस्पृश्यतेचं मूळ वंशात शोधायचं कारणच उरत नाही. ज्यांना खालचं ठरवायला नाक मोजलं, त्यांच्याच माणसाने तो कागद पुरावा म्हणून परत टेबलावर ठेवला.

इथे आपल्या नागपूरचाही एक धागा आहे. १९२० च्या नागपूर सायन्स काँग्रेसमध्ये नेल्सन अॅनंडेलने प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मोजमापं तपासायला सांगितली. त्या कामातून वाढत वाढत १९३६ साली "महालनोबिस अंतर" हे सूत्र आलं. एकट्या नाकावर निकाल देऊ नका, सगळी मापं आणि त्यांचे आपापसातले संबंध एकत्र धरा, असा त्याचा गाभा. आज जगभर संगणकशास्त्रातही ते वापरतात.

आता पुन्हा नकाशाकडे. फिशरच्या बेरजेत एक उणीव होती. जनुक काही वेगवेगळे बसून आपापला वाटा टाकत नाहीत. ब्रिटनच्या कॉनराड वॉडिंग्टनने १९५७ साली एक चित्र छापलं. वर डोंगरदऱ्यांसारखी जमीन, तिच्यावरून वाढणारा जीव चेंडूसारखा घरंगळत खाली येतो. आणि त्या जमिनीच्या खाली? खुंट्या, आणि खुंट्यांना बांधलेल्या असंख्य दोऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या. खुंट्या म्हणजे जनुक. आपल्या मांडवासारखंच समजा. एक दोरी सैल केली तर कधी काहीच होत नाही, बाकीच्या ताण घेतात. कधी नेमकी तीच दोरी सुटली तर अख्खा मांडव झुकतो. आणि वारा कुठून येतोय यावरही सगळं अवलंबून.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी वाऱ्याचाच मुद्दा मांडला. हे गृहस्थ १९५७ साली इंग्लंड सोडून महालनोबिस यांच्या कोलकात्याच्या संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले, १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांचं म्हणणं साधं होतं. कोणता वाण श्रेष्ठ, हा प्रश्न अर्धवट आहे, "कुठे?" हेही विचारा. जर्सी गाय चांगल्या गोठ्यात, हिरव्या चाऱ्यावर, डॉक्टर हाताशी असताना खिल्लारपेक्षा कितीतरी जास्त दूध देईल. तीच माणदेशाच्या उन्हात, कडब्यावर सोडा. श्रेष्ठ कोण ते महिनाभरात कळेल.

अमेरिकेच्या रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये हाच मुद्दा बियाण्यावरून पक्का केला. आपल्या भाषेत सांगतो. एकाच पोत्यातलं मिसळीचं बियाणं घ्या. अर्धं काळ्या कसदार, पाण्याखालच्या रानात पेरा, अर्धं मुरमाड माळावर. प्रत्येक रान स्वतःपुरतं एकसारखं असेल, तर त्या रानातल्या ताटांच्या उंचीतला फरक बियाण्यामुळेच असणार. पण या रानात आणि त्या रानात जो फरक दिसतो, तो पूर्ण मातीचा आणि पाण्याचा! "अमुक गुण ८० टक्के आनुवंशिक" असा आकडा वाचून दोन समाजांची तुलना करणारे नेमके इथे घसरतात.

उंचीचंच बघा. उंची हा फार आनुवंशिक गुण, एका समाजातल्या फरकातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग जनुकांचा मानतात. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत जनुक बदलत नाहीत. ताट बदललं, पाणी बदललं, दवाखाने आले.

आणि आजचा नकाशा कुठवर आलाय? २०२२ साली ५४ लाख माणसांची माहिती एकत्र करून उंचीशी संबंधित १२,१११ जागा डीएनएमध्ये सापडल्या. एका उंचीसाठी बारा हजार! त्या सगळ्या मिळून युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्के फरक सांगतात, बाकीच्या वंशांत फक्त १० ते २० टक्के, कारण माहिती मुख्यतः युरोपीय लोकांची. पट्टीने मोजता येणाऱ्या उंचीची ही गत, तर "नेतृत्वगुण" आणि "गणिताचा कल" यांचं काय बोलायचं!

आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास केला, तो जगात गाजला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. वरून बारीक, आतून जाड. पुढे मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो, असं हे संशोधन सांगतं. आईच्या ताटात काय होतं, त्याचा हिशोब बाळाच्या अंगावर लिहिला जातो. "आमच्या घराण्यातच शुगर आहे" म्हणताना घराण्याच्या स्वयंपाकघरातही एकदा डोकवा.

हे सगळं आता लिहायचं कारण. हल्ली आपल्या भागात शिबिरं भरतात. मुलाची दहा बोटं यंत्रावर ठेवायची, काही हजार रुपये भरायचे, आणि रंगीत अहवाल घ्यायचा. मुलाचा जन्मजात मेंदू कसा, डॉक्टर होईल की कलाकार, सगळं त्यात. मध्यंतरी रोजंदारीवर जाणारी एक माउली तो कागद घेऊन माझ्याकडे आली. "भाऊ, पोरगी वर्गात पहिली येते. पण रिपोर्टात सायन्स नाही निघालं. आता आर्ट्सला घालू का?" पैसे तिने बचत गटातून उचलले होते.

ताई, दादा, हे ऐका. बोटांच्या ठशांवर १८९२ साली पुस्तक लिहिलं तेही याच गाल्टनने. ठशांत वंश दिसतो का, बुद्धी दिसते का, हे शोधायची त्याला फार हौस होती. त्याने इंग्रज, वेल्श, ज्यू, आफ्रिकी लोकांचे ठसे पाहिले. विज्ञानाचे विद्यार्थी, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर, मतिमंद, सगळ्यांचे पाहिले. आणि काही फरक सापडत नाही, असं स्वतः लिहून ठेवलं. युजेनिक्सच्या बापाने सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याचा नाद सोडला, ते आज आपल्याला मंगल कार्यालयात विकलं जातंय! आणखी एक. जुळ्या भावंडांचे जनुक तंतोतंत सारखे असले तरी त्यांचे ठसे सारखे नसतात. ठसासुद्धा पूर्ण जनुकांच्या ताब्यात नाही, तो पोटातच आजूबाजूच्या परिस्थितीने घडतो. मग त्या ठशावरून नशीब कसलं वाचता?

जनुक खोटे नाहीत. सिकलसेलसारख्या आजारात एका जनुकातला एक छोटा बदल रक्ताची पेशी वाकवतो. विदर्भात, नंदुरबारकडे आपले लोक ते भोगतायत. तिथे तपासणी केलीच पाहिजे, आणि ती सरकारी दवाखान्यात होते. काही वाटा खरंच सरळ असतात. पण थोड्या. बुद्धी, स्वभाव, कर्तबगारी यांची वाट हजार दोऱ्यांच्या मांडवाखालून जाते, आणि त्यातल्या कितीतरी दोऱ्या आपल्या हातात आहेत. पोषण आहार, अंगणवाडी, वेळेवर येणारे शिक्षक, घरातला एक शब्द.

शिबिरं भरवणाऱ्यांना तीन प्रश्न विचारा. हे कुणी तपासलं? किती मुलांवर? आणि ती मुलं मोठी झाल्यावर अहवाल खरा निघाला का? उत्तर लेखी मागा. शाळेने शिबिराला वर्ग दिला असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हेच विचारा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

त्या माउलीला मी सांगितलं, पोरीला सायन्सला घाला. ॲडमिशन झालंय.

तुमच्या गावात असं शिबिर झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. मुलांची नावं टाकू नका. आणि शाळेच्या ग्रुपवर ही पोस्ट नक्की पाठवा.